पालकत्वाच्या कार्यक्रमांमुळे घरात मुलांना होणारी मारहाण खरंच कमी होते का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या शाळा व्यवस्थापन समितीत पालकत्वावर एक व्याख्यान ठेवायचं चाललंय, पण तुम्हाला दोन शंका आहेत. अशानं घरातली मारहाण थांबते का? आणि ज्यांना खरी गरज आहे ते पालक तर फिरकतच नाहीत, त्यांचं काय करायचं?

एका व्याख्यानानं काहीही होत नाही. मात्र पालकांना बराच काळ धरून ठेवणारे, नीट चालवलेले कार्यक्रम मारहाण कमी करतात आणि त्याला भक्कम पुरावा आहे. मी आशांची (गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांची) गटप्रवर्तक, म्हणजे त्यांच्या कामावर देखरेख ठेवणारी आहे, त्यांच्याबरोबर गृहभेटींना घरोघर जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज दूर करू. मुलांचा छळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दारुडा बाप नाहीतर सावत्र आई येते. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं होतं. महाराष्ट्र आणि गोवाही त्यात होते. दर तीन मुलांपैकी दोघांना शारीरिक मारहाण होत होती. घरच्यांकडून मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आई-वडीलच होते. म्हणजे ही चारदोन वाईट घरांची गोष्ट नव्हे. थकलेल्या, कर्जात बुडालेल्या, स्वतः मार खात मोठ्या झालेल्या साध्या माणसांची आहे, आणि म्हणूनच त्यांना हात देऊन फरक पडू शकतो.

आता तुमचा ‘येतच नाहीत’ हा मुद्दा. याचं सगळ्यात चांगलं उत्तर अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या छोट्या शहरात मिळालं. डेव्हिड ओल्ड्स या संशोधकाने १९७०च्या दशकाच्या शेवटी तिथे ४०० गरोदर बायकांना अभ्यासात घेतलं. पहिलटकरणी, बहुतेक जणी गरीब, अविवाहित किंवा विशीच्या आतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले आणि काहींच्या घरी एक प्रशिक्षित परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत जात राहिली. सरासरी ९ भेटी बाळंतपणाआधी, २३ नंतर. ती काय करायची? तब्येत बघायची, बाळाची लक्षणं समजावायची, आणि आईला पुढचं शिक्षण, नोकरी, पुढचं मूल कधी, याचा विचार करायला लावायची. मुलं पंधरा वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहणी झाली, तिचे निकाल १९९७ साली छापून आले. भेटी मिळालेल्या कुटुंबांत मुलांच्या छळाची आणि हेळसांडीची सिद्ध झालेली प्रकरणं जवळपास निम्म्यावर आली होती. या बायकांना कुणी वर्गाला बोलावलं नव्हतं, त्यांच्या दारात जाणारं माणूस ठेवलं होतं.

पण हाच अभ्यास आणखी एक गोष्ट सांगतो आणि ती लपवू नये. ज्या घरांत नवरा बायकोला वारंवार मारत होता, तिथे या भेटींचा मुलांच्या छळावर परिणाम दिसला नाही. बाईच जिथे सुरक्षित नाही तिथे तिला पालकत्व शिकवून मूल वाचत नाही. कार्यक्रम आखणाऱ्यांनी हे विसरू नये असं मला अगदी पोटतिडकीनं वाटतं, कारण आपल्याकडे पालकत्वाचं सगळं ओझं आईच्या डोक्यावर टाकून बापाला मोकळं सोडायची सवय आहे. हाच कार्यक्रम इंग्लंडमध्ये नेला, तेव्हा २०१५च्या चाचणीत मुख्य उद्दिष्टांवर फारसा फायदा दिसला नाही. तिथे प्रत्येक बाळंतिणीला सुईण आणि आरोग्यसेविका आधीच मिळतात, त्यामुळे नव्या भेटींनी भर किती पडणार? जिथे आधार मुळातच तोकडा आहे तिथे तो जास्त कामी येतो.

आपल्याकडे दारात जाणारं माणूस आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, त्यातूनच आज आशा बाळंतिणीकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जाते. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना भेटी आहेत. हे सगळं बाळ जगावं, वाढावं म्हणून ठरलेलं आहे. पण ४२वा दिवस बघा. बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात वाढतं, आणि तान्ह्या बाळाला गदागदा हलवण्याचे जीवघेणे प्रकार बहुतेकदा न थांबणाऱ्या रडण्यातूनच होतात.

अशाच एका भेटीत मी होते. मुलगी वीसेक वर्षांची, डोळ्यांखाली काळं. दिवे लागले की बाळ भोकाड पसरायचं ते रात्री उशिरापर्यंत. सासू म्हणत होती, हिला मूल धरताच येत नाही. सासू चहा टाकायला आत गेली तशी ती आमच्या आशाला हळूच म्हणाली, “ताई, कधी कधी वाटतं उचलून आपटावं.” आशा दचकली नाही, रागावलीही नाही. “असं पुष्कळ जणींना वाटतं गं, बोललीस ते बरं केलंस,” म्हणाली. मग नीट सांगितलं: पोट भरलंय का, लंगोट ओलं आहे का, अंग गरम आहे का बघ. सगळं ठीक असूनही रडतंय आणि तुझं डोकं फुटायला आलंय, तर बाळाला सपाट अंथरुणावर उताणं ठेव, बाहेर ओट्यावर ये, पाणी पी, पाच-दहा मिनिटांनी परत जा. रडल्यानं बाळाला काही होत नाही, हलवल्यानं मेंदूत रक्तस्राव होतो. सासू चहा घेऊन आली तेव्हा तेच सगळं तिलाही सांगितलं, आणि संध्याकाळी तासभर बाळ तुम्ही घ्याल का, असं विचारलं. सासू तयार झाली. माझ्या मते मुलांचा छळ रोखण्याचं काम म्हणजे हेच, आणि त्याला सभागृह लागत नाही.

मुलं मोठी असतील तर बैठका चालतात, पण त्या कशा घेता त्यावर सगळं आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप भागात किशोरवयीन मुलं आणि त्यांचे पालक अशा ५५२ कुटुंबांसोबत एक कार्यक्रम तपासला गेला, १४ आठवड्यांचा, गावातल्याच लोकांनी चालवलेला. भाषणं नाहीत. प्रसंग करून बघायचे, घरी जाऊन सराव करायचा, पुढच्या आठवड्यात काय जमलं काय फसलं ते सांगायचं. सगळ्यांनी मिळून जेवायचं. जो आला नाही त्याच्या घरी जायचं. घरखर्च आणि बचत यावरही बोलणं होतं. काही महिन्यांनी, पालकांच्या सांगण्यानुसार, मारहाण कमी झाली होती आणि घराची आर्थिक ओढाताणही. मला त्यातलं पैशाचं बोलणं फार महत्त्वाचं वाटतं. महिनाअखेरीस किराणा संपलेल्या घरात शांतपणा कुठून आणायचा? हा आणि असे आणखी कार्यक्रम जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या साथीनं तयार झाले आहेत आणि त्यांच्या पुस्तिका फुकट मिळतात.

तेव्हा तुमच्या समितीला माझं सांगणं असं की व्याख्यात्याचे पैसे वाचवा. दहा-बारा पालक घ्या, आठवड्याला एक बैठक, दोन-अडीच महिने. एका वेळी एकच गोष्ट करून बघायची. दिवसातली दहा मिनिटं मूल म्हणेल तो खेळ, मोबाइल बाजूला. “दार आपटू नकोस” याऐवजी “दार हळू लाव”. “शहाणा” म्हणण्याऐवजी “दप्तर जागेवर ठेवलंस, छान केलंस”. वेळ रात्री जेवणानंतरची ठेवा, नाहीतर बाप येणार नाहीत. ऊसतोडीची घरं असतील तर ती दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात, त्याआधी उरकून घ्या. आणि ‘मुलांना न मारता कसं वाढवावं’ असा फलक अजिबात लावू नका. मारणारा तो वाचूनच परत जाईल. अभ्यास, हट्ट, मोबाइल यांवर बोलायला बोलवा.

एखाद्या मुलाच्या अंगावर चटके, वळ दिसले किंवा लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर मात्र बैठकीची वाट बघायची नाही. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. हा क्रमांक १९९६ साली मुंबईतच सुरू झाला आणि चोवीस तास चालतो. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं पॉक्सो कायद्याने तुमच्यावर बंधनकारकच आहे. बाकीच्या बाबतीत गावची ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर तरी असतेच. तुमच्या गावात तिची शेवटची बैठक कधी झाली ते ग्रामपंचायतीत विचारा.