वाचकांचे प्रश्न : जमिनीवरच्या विमानातला उकाडा

प्रश्न : आकाशात असताना विमानात गारठायला होतं आणि जमिनीवर उभं असलं की अंगाची काहिली होते. एसी तर एकच असतो. मग असं का?

उत्तर : एसी एकच असतो, पण त्याला लागणारी दाबाची हवा प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणाहून येते. बहुतेक प्रवासी विमानांत ही हवा चालू इंजिनांतून घेतात. ती इतकी तापलेली असते की आधी थंड करावी लागते. हे काम विमानाच्या पोटातली 'पॅक' नावाची दोन यंत्रं करतात. (बोइंग 787 मध्ये मात्र विजेवर चालणारे कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून पॅककडे पाठवतात.) विमान उभं असतं तेव्हा इंजिनं बंद असतात. मग दोन पर्याय उरतात : शेपटीतलं छोटं इंजिन, म्हणजे एपीयू, किंवा बाहेरून जाड नळीने आत सोडलेली थंड हवा.

घोटाळा इथेच होतो. एपीयू नादुरुस्त असलं तरी ठरावीक अटींवर विमानाला उड्डाणाची परवानगी मिळते, कारण हवेत गेल्यावर इंजिनांची हवा पुरते. तोवर सगळी भिस्त बाहेरच्या नळीवर. ती तापलेल्या फरशीवर लांबलचक पसरलेली असते. तिला पीळ पडला किंवा ती सांध्यात गळत असली, तर पुढच्या टोकाला गार हवा नावालाच पोहोचते. इंजिन सुरू करताना नळी काढलेली असते आणि दाबाची हवा स्टार्टरला लागते, म्हणून तेवढा वेळ पॅकही बंद ठेवतात. शिवाय पॅकला स्वतःची उष्णता बाहेरच्याच हवेत टाकावी लागते. ती हवा 42-45 अंश असेल तर धडधाकट पॅकचीही दमछाक होते.

त्यात माणसांची भर. शांत बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता सोडतो. 180 प्रवासी म्हणजे 18 किलोवॅट : एक किलोवॅटचे 18 हीटर त्या बंद नळकांड्यात चालू! म्हणून आमचं ठाम मत आहे की केबिन आधी गार करावी आणि मगच माणसं आत घ्यावीत. उन्हात तापलेल्या विमानात प्रवासी बसवले की ते पुन्हा गार करणं फार अवघड जातं.

प्रश्न : चार महिन्यांच्या बाळाला घेऊन आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या सासूबाईंसोबत प्रवास आहे. उकाडा धोक्याचा झाला हे कसं ओळखायचं?

उत्तर : या दोघांचीही काळजी घ्यायलाच हवी. बाळाचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं आणि त्याला ते सांगता येत नाही. ते मलूल झालं, दूध घेईना, श्वास भरभर चालू लागला, अंग भट्टीसारखं लागलं, तर 'झोपलंय बिचारं' म्हणून सोडून देऊ नका, लगेच क्रूला बोलवा. विमान उभं असेपर्यंत त्याला छातीशी बांधलेल्या झोळीतून बाहेर काढा, कारण तिथे तुमच्या अंगाची उष्णताही त्याला लागते. टोपी, मोजे, दुपटं उतरवा. ओल्या कापडाने मान, काखा, पाय पुसा आणि वारा घाला. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी पाजू नका, दूधच जास्त वेळा द्या.

आता सासूबाईंच्या गोळ्या. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीरातलं पाणी कमी होतं. बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्यांमुळे हृदयाचे ठोके गरजेप्रमाणे वाढत नाहीत. गोळ्या स्वतःहून थांबवायच्या नाहीत. उन्हाळ्यातल्या प्रवासाबद्दल डॉक्टरांशी निघण्यापूर्वीच बोलून घ्या.

भोवळ, मळमळ, दरदरून घाम येऊ लागला तर आडवं करा, पाय उंच करा, घोटघोट पाणी द्या. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजा. तेव्हा शरीराचं तापमान 40 अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं मानू नका. डॉक्टर येईपर्यंत थांबायचं नाही : कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला, गॅलीतला (विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरातला) बर्फ कापडात गुंडाळून मान, काखा, जांघांत ठेवा. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

प्रश्न : वरच्या झरोक्यांतून पांढरा धूर आला. आग होती का?

उत्तर : बहुधा धुकं. दमट हवेत थंड झोत मिसळला की असं होतं, आणि ते लगेच विरतं. जळका वास आला तर मात्र क्रूला सांगा.

प्रश्न : किती तापमान झालं की उतरण्याचा हक्क मिळतो?

उत्तर : अमेरिकेतल्या नियमांत जमिनीवरच्या केबिनसाठी असा आकडा नाही, याचा आम्हाला खेद वाटतो. ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे केबिन साधारण 18 ते 24 अंश असावी, 27 च्या वर जाऊ नये. पण ती शिफारसच. तिथल्या नियमानुसार विमान अडकून पडलं तर देशांतर्गत उड्डाणात 3 तासांत आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणात 4 तासांत प्रवाशांना उतरण्याची संधी द्यावी लागते. त्याला सुरक्षेसारखे अपवाद आहेत. उष्णता मात्र तीन तास थांबत नाही. जुलै 2023 मध्ये लास व्हेगासला अशाच तापलेल्या विमानातून आजारी पडलेल्यांना उतरवावं लागलं.

केबिन कर्मचारीही त्याच उकाड्यात असतात. त्यांचं लक्ष विचलित झालं किंवा प्रवासी वाटेत कोसळला, तर आणीबाणीत विमान रिकामं करायला उशीर होतो. म्हणून 'गरम होतंय' एवढंच म्हणू नका. आसन क्रमांक, लक्षणं, कधीपासून, हे सांगा आणि 'वैद्यकीय मदत हवी, कॅप्टनला कळवा' असं स्पष्ट म्हणा. गेटवर परतण्याचा निर्णय कॅप्टन घेतो आणि त्याला केबिनमधलं चित्र क्रूकडूनच कळतं. विमान उभं असेपर्यंत खिडकीचे पडदे खाली ओढा, डोक्यावरचा झरोका पूर्ण उघडा.

स्वतः दार उघडायला मात्र कधीही जाऊ नका. दार सज्ज स्थितीत असेल तर आपत्कालीन घसरगुंडी काही सेकंदांत फुगते, आणि खाली काम करणारा माणूस तिच्या तडाख्यात सापडू शकतो.