मॉरिशसमध्ये 27 टक्के मते मिळवूनही सत्ताधाऱ्यांची एकही जागा निवडून का आली नाही?

आपण 10 नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीविषयी विचारले आहे. त्या वेळी विरोधी नेते नवीनचंद्र रामगुलाम यांच्या आघाडीने मुख्य बेटावरील सर्व 60 जागा जिंकल्या आणि पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ स्वतःच्या मतदारसंघातही पराभूत झाले. दूरध्वनी संभाषणांच्या ध्वनिफिती बाहेर आल्याने लोकांत रोष होता हे खरे. परंतु केवळ रोषाने 27 टक्क्यांचे शून्य होत नाही, ते मतदानाच्या पद्धतीमुळे होते.

मुख्य बेटावर 20 मतदारसंघ असून प्रत्येकातून तीन सदस्य निवडले जातात. मतदाराला तीन मते असतात, ती तिन्ही द्यावीच लागतात, आणि बहुतेक जण ती एकाच आघाडीच्या तिन्ही उमेदवारांना देतात. त्यामुळे आघाडीवर असलेला पक्ष तिन्ही जागा घेऊन जातो, आणि लाट सर्वत्र सारखी असली की दुसऱ्यासाठी काहीच उरत नाही. 1982 आणि 1995 मध्येही नेमके हेच घडले होते. रॉड्रिग्ज बेटाच्या दोन जागा वेगळ्या असतात.

मग सभागृहात विरोधक आले कुठून? राज्यघटनेतील ‘बेस्ट लूझर’ तरतुदीतून. पराभूत उमेदवारांपैकी जास्तीत जास्त आठ जणांना सदस्यत्व देणारी ही तरतूद मुळात विरोधी पक्षासाठी नव्हे, तर हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि या तिन्हींत न बसणारी ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ अशा चार समाजांच्या प्रतिनिधित्वासाठी आहे. कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज यात हिंदूंमध्येच मोजले जातात. हिशेबाचा आधार आजही 1972 ची जनगणना आहे, कारण त्यानंतरच्या जनगणनांत समाज विचारलाच गेलेला नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर आजचे सभागृह भरणे मला अत्यंत अन्यायकारक वाटते, आणि उमेदवाराला अर्जात आपला समाज लिहायला लावणे त्याहून अधिक. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही या सक्तीवर आक्षेप घेतला होता. 2014 च्या निवडणुकीपुरती ती शिथिल झाली, एवढेच.

तरीही ही तरतूद सरसकट रद्द करावी, असे मी म्हणणार नाही. पराभूत आघाडीचे दोघे 2024 मध्ये याच मार्गाने आत आले आणि त्यांपैकी एक विरोधी पक्षनेते झाले. काही जागा मतांच्या प्रमाणात वाटण्याची व्यवस्था आधी व्हावी, आणि मगच ही तरतूद काढावी.