तुमची विमानं उतरतात कधी?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा : ‘हार्ट्स ऑफ आयर्न फोर’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या कॉम्प्युटर गेममध्ये जर्मनी घेतलाय, १९४० चा जुलै चालू आहे, दक्षिण इंग्लंडवर १,८०० लढाऊ विमानं लावलीत, तरी हवाई वर्चस्व मिळत नाही आणि विमानांचा साठा रोज घटतोय. गेम ब्रिटनकडे झुकलेला आहे का? आणि पुढच्या महिन्यात कॉलेजात ‘बॅटल ऑफ ब्रिटन’वर (१९४० ची ब्रिटन-जर्मनी हवाई लढाई) प्रेझेंटेशन आहे, त्यात गेममधले आकडे वापरले तर चालतील का?

पहिला प्रश्न वाचून बरं वाटलं, दुसरा वाचून लगेच लिहायला बसलो. कारण ते ‘चालतील का’ मी कुणाला न विचारता करून बसलो होतो.

तळाची क्षमता, रेंजचं वर्तुळ, रडार यांत शिरत नाही, ते तुम्ही बघितलं असेलच. (नसेल तर आधी तळ बघा. क्षमतेपेक्षा जास्त विमानं कोंबली की १,८०० मधली निम्मी नुसती नावाला असतात.) आधीच सांगतो, मी काही पट्टीचा खेळाडू नाही, आणि दर अपडेटला या गेमचे हिशेब बदलतात. त्यामुळे आकड्यांपेक्षा विचाराकडे लक्ष द्या.

माझी चूक सांगतो. मीही तुमच्यासारखीच सगळी विमानं दिवसरात्र वर्चस्वाच्या मोहिमेवर सोडली होती. नकाशावर रंग हिरवा होतोय का, एवढंच बघायचो. तो होईना म्हणून आणखी कारखाने विमानांना दिले, आणखी तुकड्या पाठवल्या. तीन शनिवार-रविवार त्यात गेले. शेवटी रंग हिरवा झाला आणि मी तिथून थेट निष्कर्ष काढला : जर्मनीकडे एवढी जास्त विमानं असती तर १९४० मध्ये ते जिंकले असते. इतक्यावर थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण आमच्या गावातल्या छोट्या इतिहास अभ्यासमंडळात मी त्यावर पाऊण तास बोललो. पडद्यावर गेमचे स्क्रीनशॉट, त्यावर माझे बाण.

बोलणं संपल्यावर मागच्या रांगेतले एक काका उठले. हवाई दलात जमिनीवरच्या कामावर आयुष्य गेलेलं, वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी अगदी शांतपणे एकच विचारलं, “तुमची ही विमानं उतरतात कधी?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, “पेट्रोल, दारूगोळा, रेडिओ, टायर, हे सगळं कोण बघतं? तेवढ्या वेळात शत्रू आला तर?” मग पठाणकोटचं सांगितलं. ६ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी पाकिस्तानी सेबर लढाऊ विमानं आली आणि आपली तळावर उभी असलेली विमानं जाळून गेली. सभा संपल्यावरही लोक त्यांच्याभोवती उभे होते, आणि ते योग्यच होतं. मला पुढे दोन वर्षं त्या मंडळात बोलायला कुणी बोलावलं नाही. तीन आठवडे वाया गेले त्याचं काही वाटत नाही, पण ही गोष्ट अजून लागते.

त्यांच्या त्या प्रश्नाने माझं या विषयाचं वाचनच बदललं. १५ सप्टेंबर १९४० चा रविवार घ्या. ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल लंडनजवळ अक्सब्रिजला, आग्नेय इंग्लंड सांभाळणाऱ्या हवाई दलाच्या ११ नंबर ग्रुपच्या जमिनीखालच्या ऑपरेशन्स रूममध्ये बसलेले. समोरच्या फळ्यावरचे दिवे सांगतायत की स्क्वाड्रन एकामागून एक लढाईत उतरलीत. चर्चिल ग्रुपचे प्रमुख कीथ पार्क यांना विचारतात, राखीव किती? पार्क म्हणतात, काहीच नाही. आता ही सगळी विमानं तासाभरात इंधनासाठी खाली येणार होती. ती खाली असताना जर्मनांची दुसरी मोठी लाट आली असती तर? भीती त्या मधल्या वेळाची होती. तुमच्या गेममध्ये हा मधला वेळ नाहीच. तुकडी मोहिमेवर लावली की ती वरच तरंगते. खालच्या तळावर बॉम्ब पडले तर तळाची पातळी घसरते, एवढंच.

जर्मनांचंही तेच. त्यांच्या मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानाला लंडनवर जेमतेम दहा मिनिटं लढता यायचं, मग इंधनाकडे बघत परत इंग्लिश खाडी ओलांडायची. गेममध्ये ही गोष्ट ‘कार्यक्षमता अमुक टक्के’ म्हणून येते. टक्केवारी चुकीची नाही, पण परत निघालेल्या वैमानिकाची घाई त्यात दिसत नाही.

आता ऑपरेशन्स रूमच्या घड्याळाबद्दल सांगतो, कारण मला यातलं सगळ्यात आवडणारं तेच आहे. त्याच्या तबकडीवर पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे, निळे पट्टे असत. मिनिटकाटा ज्या रंगावर, त्या रंगाचे बाण टेबलावरच्या नकाशावर ठेवायचे. रंग बदलला की नवे बाण नव्या रंगाचे. म्हणजे वर गॅलरीत बसलेल्या अधिकाऱ्याला एका नजरेत कळायचं की ही बातमी आत्ताची आहे की दहा मिनिटांपूर्वीची. रडार फक्त समुद्राकडे बघायचं. विमानं किनारा ओलांडून आत आली की ऑब्झर्व्हर कोअरची माणसं दुर्बिणीने बघून फोन करायची. रडारची बातमी बेंटली प्रायरीला, म्हणजे लढाऊ विमानांच्या ‘फायटर कमांड’च्या मुख्यालयात, गाळून ग्रुपकडे, ग्रुपकडून सेक्टरला, सेक्टरकडून रेडिओवर वैमानिकाला. फायटर कमांडचे प्रमुख डाउडिंग यांनी उभारलेली व्यवस्था ती हीच. तुम्ही मात्र गेममध्ये दोन्ही बाजूंची विमानं वरून, त्याच क्षणी बघता. तसा नकाशा १९४० मध्ये कुणाकडेच नव्हता.

जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग, त्यालाही या साखळीची किंमत कळली नाही, असं माझं ठाम मत आहे. १२ ऑगस्टला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळचं व्हेंटनरचं रडार बंद पाडलं, आणि १५ ऑगस्टला हेच साहेब म्हणाले की रडारवर हल्ले चालू ठेवण्यात फारसा अर्थ दिसत नाही. ७ सप्टेंबरपासून तर मुख्य मारा लंडनवर वळला आणि तळांना श्वास घ्यायला मिळाला. या दोन निर्णयांवर एक-एक स्लाइड करा. विमानांच्या संख्येवर नको.

संख्या द्यायचीच असेल तर कारखान्यांची द्या. १९४० मध्ये ब्रिटनने ४,००० च्या वर लढाऊ विमानं बांधली, जर्मनीची एक इंजिनाची लढाऊ विमानं २,००० च्या आतच राहिली. म्हणजे विमानांपेक्षा तुटवडा वैमानिकांचा होता. फायटर कमांडकडून लढलेल्या सुमारे २,९०० जणांपैकी ५४४ त्या लढाईत गेले. इंग्लंडवर छत्रीने उतरलेला ब्रिटिश वैमानिक धडधाकट असेल तर पुन्हा स्क्वाड्रनमध्ये हजर व्हायचा, जर्मन थेट कैदेत. गेममध्ये मोजके नामांकित ‘एस’ (अनेक विमानं पाडलेले वैमानिक) सोडले तर वैमानिक म्हणजे मनुष्यबळाच्या साठ्यातला आकडा. तुमचा साठा संपतोय म्हणता ना, तिथे तुकडीचा अनुभवही बघा. नवी भरती आली की तो पडतो.

गेम झुकलेला नाही, असं माझं मत. मी आता स्वतःपुरता नियम केलाय : तीन दिवस उड्डाण, एक दिवस सगळे तळावर, आणि साठा १०० च्या खाली गेला की मोहीम बंद. गेम याचं काही खास बक्षीस देत नाही, काहींना हा वेडेपणा वाटेल, पण नुकसान रोज डोळ्यांसमोर राहतं.

उतरण्याचा हिशेब खरंच बघायचा असेल तर ‘ईगल डे टू बॉम्बिंग द राइश’ हा दुसरा गेम शोधा. दिसायला जुनाट, मेनू किचकट, पण त्यात हल्ल्याचा मार्ग आणि उंची तुम्ही ठरवायची. एक वेगळी सूचना : ‘हार्ट्स ऑफ आयर्न फोर’मध्ये विमान स्वतः डिझाइन करायला मिळतं म्हणून विस्तारांचा (वेगळ्या विकत मिळणाऱ्या जोडण्यांचा) अख्खा संच घेऊ नका, ती सोय ‘बाय ब्लड अलोन’ या एकाच विस्तारात आहे. मी संच घेतला, परताव्यासाठी एका विक्रेत्या साइटला तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा शब्दन् शब्द तेच छापील उत्तर. खाली नाव वेगळं, एवढाच फरक. पत्र कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. सेल लागेपर्यंत थांबा.

वेळ उरला तर प्रेझेंटेशनमध्ये मिडवे, म्हणजे पॅसिफिकमधली अमेरिका-जपान लढाई, जरूर घ्या. ४ जून १९४२ ला अकागी, कागा आणि सोर्यू या तिन्ही जपानी विमानवाहू नौकांवर काही मिनिटांत बॉम्ब पडले, तेव्हा त्यांची बरीच विमानं खालच्या हँगरमध्ये इंधन आणि टॉर्पेडोसकट उभी होती. काकांचाच प्रश्न, फक्त समुद्रावर.

स्क्रीनशॉट वापरा, हरकत नाही, पण प्रत्येकाखाली ‘हे गेममधलं आहे’ असं ठळक लिहा. स्लाइड तयार झाल्या की इथेच टाका. मी रविवारी संध्याकाळी बघतो.