दोन विषय शेजारी ठेवले म्हणजे ते एकत्र येतात का?

प्रश्न : माझी मुलगी यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. लगेच नोकरी धरण्याऐवजी एखाद्या विद्यापीठाच्या व्यवस्थापन व तंत्रज्ञान विभागात पुढचे शिक्षण घ्यावे, असे तिच्या मनात आहे. माहितीपत्रकांत सगळीकडे ‘आंतरविद्याशाखीय अध्यापन आणि संशोधन’ असे छापलेले असते. प्रत्यक्षात अभ्यासक्रम पाहिला, तर निम्मे विषय अभियांत्रिकीचे आणि निम्मे एमबीएचे दिसतात. अशाने ती ना धड इंजिनिअर, ना धड व्यवस्थापक, अशी मधल्या मध्ये तर राहणार नाही ना? – एक पालक, सांगली

उत्तर : आपली शंका रास्त आहे. निम्मे-निम्मे विषय एका वेळापत्रकात बसवले की विद्याशाखांचा संगम झाला, असा समज आपल्याकडे रूढ होऊ लागला आहे आणि तो मला घातक वाटतो. दोन शास्त्रे एकत्र येतात ती एखाद्या अडलेल्या प्रश्नापाशी, जो कोणत्याही एका शास्त्राला एकट्याने सुटत नाही. हे कसे घडते, याचे एक उदाहरण जरा विस्ताराने सांगतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथे १९५२ साली व्यवस्थापनाची स्वतंत्र शाळा सुरू झाली. आज ती स्लोन स्कूल म्हणून ओळखली जाते. १९५६ साली जे फॉरेस्टर हे विद्युत अभियंते तेथे प्राध्यापक म्हणून आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी रडारच्या अँटेना आणि तोफांचे गाडे नेमके वळवणाऱ्या स्वयंचलित यंत्रणांवर काम केले होते आणि नंतर व्हर्लविंड या आरंभीच्या संगणकाची उभारणी केली होती. अशा यंत्रणेत चूक लक्षात येणे आणि ती दुरुस्त होणे यांत उशीर झाला, तर तोफ लक्ष्याच्या पुढे जाते, मग मागे येते आणि तशीच हेलकावत राहते, हे त्यांनी स्वतः हाताळलेले होते.

त्यांच्यापुढे प्रश्न आला तो जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या केंटकीतील घरगुती उपकरणांच्या कारखान्यांचा. तेथे कधी तीन-तीन पाळ्यांत काम चाले आणि काही वर्षांतच निम्म्या कामगारांना घरी बसवावे लागे. बाजारातील तेजी-मंदीकडे बोट दाखवणे सोपे होते, पण त्याने कोणाचे समाधान होत नव्हते. फॉरेस्टर यांनी कामगार कधी घेता, साठा किती ठेवता, हे अधिकाऱ्यांना विचारून घेतले. मग वहीच्या एका पानावर साठा, कामगार आणि मागणी असे रकाने आखून ते आठवड्यामागून आठवड्याची आकडेमोड पेन्सिलीने करत गेले. बाहेरून येणारी मागणी स्थिर धरली, तरी त्याच नियमांनी कामगारांची संख्या वरखाली होतच राहिली. म्हणजे हेलकावे कारखान्याच्या निर्णयपद्धतीतच दडलेले होते. तोफेचे गणित कामगारांच्या पोटापाण्याला असे येऊन भिडले आणि ‘सिस्टिम डायनॅमिक्स’ ही अभ्यासशाखा जन्माला आली. पुढे या पद्धतीने जगाच्या भवितव्याचे आराखडे मांडले गेले, तेव्हा आकडेवारीचा आधार तोकडा असल्याची टीका अर्थशास्त्रज्ञांनी केली. ती टीकाही अभ्यासण्याजोगी आहे. पण त्यामुळे केंटकीच्या त्या पानाचे मोल कमी होत नाही.

आता अध्यापनाकडे वळतो, कारण आपल्या मुलीचा संबंध प्रथम त्याच्याशी येईल. याच शाळेत तयार झालेला ‘बिअर गेम’ नावाचा पटावरचा खेळ आज जगभरच्या वर्गांत खेळला जातो. किरकोळ दुकानदार, ठोक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशा चार जागांवर विद्यार्थी बसतात. सोंगट्या म्हणजे मालाची खोकी. प्रत्येकाने दर आठवड्याला मागच्याकडे चिठ्ठीवर मागणी नोंदवायची. एकमेकांशी बोलायचे नाही. चिठ्ठी पोचायला आणि माल यायला काही आठवडे लागणार. पडून राहिलेल्या खोक्यामागे दंड आहे आणि वेळेत न दिलेल्या खोक्यामागे त्याहून जास्त. सुरुवातीला गिऱ्हाइकाची मागणी आठवड्याला ४ खोकी असते, पाचव्या आठवड्याला ती ८ होते आणि शेवटपर्यंत ८च राहते. तरीही थोड्याच वेळात टंचाईची ओरड होते, जो तो मोठमोठ्या चिठ्ठ्या लिहू लागतो आणि मग सगळा माल एकदम येऊन तुंबतो. खेळ संपल्यावर, गिऱ्हाइकाची मागणी कशी बदलली असेल, याचा आलेख काढायला सांगितले की बहुतेक जण लाटा काढतात. खरा आलेख म्हणजे एकच पायरी, हे कळते तेव्हा वर्ग क्षणभर गप्प होतो.

आपल्याकडे हे होते का, तर होते. मुंबईच्या आयआयटीत १९९५ पासून व्यवस्थापनाची शाळा आहेच, पण याच संदर्भात मी प्रथम नाव घेईन ते तेथील ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्राचे, जे १९८५ पासून कार्यरत आहे. संगणकशास्त्राचे प्राध्यापक मिलिंद सोहोनी या केंद्राच्या कामातून पाण्याच्या प्रश्नाकडे वळले आणि विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी उत्तर कर्जतच्या भागातील नळपाणी योजनांचा अभ्यास केला. नळाचा व्यास किती, पंप कोणत्या क्षमतेचा, हे अभियांत्रिकीचे प्रश्न झाले. पण विजेचे बिल कोण भरणार, पाणीपट्टी किती बसणार, टोकाच्या पाड्यावर पाणी पोचेपर्यंत वरच्या गावाने व्हॉल्व्ह बंद ठेवावा हे कोण पाहणार, यांची उत्तरे मिळाल्याशिवाय नळाचा व्याससुद्धा नीट ठरवता येत नाही. ज्या विद्यार्थ्याला दोन्ही उत्तरांची जबाबदारी घ्यावी लागते, तो मधल्या मध्ये राहत नाही.

तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी मुलीला त्या विभागात एक दिवस जाऊन येऊ द्या आणि विषयांच्या यादीऐवजी गेल्या दोन-तीन वर्षांतील विद्यार्थ्यांचे प्रबंध पाहायला सांगा. प्रबंधातून तंत्रज्ञानाचे प्रकरण काढून टाकले, तर व्यवस्थापनाचा निष्कर्ष बदलतो का, एवढे तिने तपासावे. बदलत नसेल, तर तेथे दोन विषय नुसते शेजारी राहत आहेत. दोन्ही शाखांचे प्राध्यापक एकच वर्ग मिळून घेतात का, हेही तिने तेथील विद्यार्थ्यांना विचारावे. हे काम प्राध्यापकांनाही सोपे नसते; त्यांची बढती बहुधा एकाच शाखेच्या नियतकालिकांतील लेखांवर ठरत असते. म्हणून, संयुक्त मार्गदर्शनाची नोंद विद्यापीठ दोन्ही प्राध्यापकांच्या नावे करते का, हा प्रश्न विभागप्रमुखांना विचारायला संकोच करू नये. आणि आपल्या मुलीला यंत्र अभियांत्रिकी मनापासून आवडत असेल, तर तिने तो पाया पक्का करूनच पुढे जावे; फॉरेस्टर व्यवस्थापनाकडे वळले, तेव्हा त्यांच्यामागे अभियांत्रिकीतील पंधरा-सोळा वर्षांचे काम होते.