मारहाण नाही, तरीही छळच

प्रश्न : माझी आई ७६ वर्षांची असून लालबागला भाऊ-वहिनीकडे राहते. जागा आईच्या नावावर आहे. भाऊ तिच्यावर हात उगारत नाही, जेवणही वेळेवर मिळते. मात्र तिच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे पासबुक आणि एटीएम कार्ड त्याच्याजवळच असते. श्रवणयंत्राचे सेल संपून दोन महिने झाले, ते आणलेले नाहीत. विचारले तेव्हा ‘तिला आता ऐकून करायचंय काय?’ असे उत्तर मिळाले. पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत बसवतात. आता जागेचे बक्षीसपत्र करून दे, असा भावाचा तगादा सुरू आहे. आई म्हणते, ‘घरातलं घरात राहू दे.’ याला छळ म्हणता येईल का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : होय, म्हणता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार, ज्या नात्यात विश्वास अपेक्षित असतो अशा नात्यात ज्येष्ठ व्यक्तीला इजा किंवा मनस्ताप होईल असे कृत्य करणे हा जसा छळ आहे, तसेच करायला हवे ते न करणे हाही छळच आहे. शारीरिक आणि लैंगिक छळ चटकन ओळखू येतो. आपल्या पत्रात दिसतात ते आर्थिक, मानसिक आणि हेळसांडीचे प्रकार, आणि ते बहुधा ‘आम्ही सगळं बघतो’ या वाक्याआड दडलेले असतात.

यांपैकी सेलची गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. कार्ड मुलाकडे असणे ही आईच्या संमतीने केलेली सोय असू शकते. पैसे तिने मागितले की मिळतात का आणि हिशेब विचारता येतो का, यावर ते ठरेल. पण ऐकू येत नसलेल्या माणसाला फोन, शेजार, डॉक्टर, बँक यांपैकी काहीच स्वतःहून गाठता येत नाही, आणि मग त्याच्या नावावर इतरांनी बोलणे आपोआप सुरू होते. सेल आपण आजच घेऊन जा आणि आईशी एकांतात बोला. वहिनी एकट्याने सारे करून थकली असेल, तर तेही विचारा. थकव्यामुळे हेळसांड क्षम्य ठरत नाही, पण उपाय मात्र बदलतो.

बक्षीसपत्राची घाई करू देऊ नका. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते. बक्षीसपत्र मात्र एकदा नोंदवून स्वीकारले गेले की एकतर्फी मागे घेता येत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते. म्हणून द्यायचेच ठरले, तर ती अट दस्तातच स्पष्ट लिहून घ्यावी.

याच कायद्याखाली ६० वर्षांवरील व्यक्तीला उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज करणे आईला जमत नसेल, तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती तो करू शकते. येथे एक गोष्ट स्पष्टच सांगतो : या कायद्यातील ‘मुले’ या शब्दात मुलीही येतात, त्यामुळे सांभाळाची जबाबदारी भावाइतकीच आपल्यावरही आहे.

आईला तक्रार नको असेल, तर तिच्यावर ती लादू नका. तूर्त तिला घेऊन बँकेत जावे, खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक कोणाचा आहे ते पाहावे आणि तिची इच्छा असल्यास जुने कार्ड बंद करून नवे तिच्याच हाती द्यावे. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या उशाशी ठेवावा.