गोवर एकदाच, मग फ्लू पुन्हा पुन्हा का?

प्रश्न : मी ६६ वर्षांची आहे. लहानपणी गोवर आला, तो पुन्हा कधी नाही. फ्लूची मात्र ही चौथी खेप. गेल्या दिवाळीत लस घेतली होती, तरी या ऑगस्टमध्ये नातीपाठोपाठ मी आडवी झाले. शेजारच्या वहिनी म्हणतात, लशीचे पैसे पाण्यात गेले. माझी प्रतिकारशक्ती संपली का? आणि नातीला शाळेत कधी पाठवू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तुमची प्रतिकारशक्ती जागेवर आहे. लबाडी समोरच्याची आहे.

गोवर काय नि फ्लू काय, दोन्ही विषाणूंचा मजकूर आरएनए नावाच्या जनुकीय रेणूत लिहिलेला असतो. विषाणू पेशीत शिरला की त्याच्या नकला निघू लागतात आणि त्या पडताळून बघायला कोणी नसतं. लहिया घाईघाईने पोथी उतरवतोय, कुठे काना सुटतोय, कुठे मात्रा, असा कारभार. बऱ्याच चुका विषाणूलाच नडतात. पण फ्लूच्या अंगावर हीमॅग्लुटिनिन नावाच्या प्रथिनाचे खुंट असतात आणि आपली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला पकडणारी शरीरातली प्रथिनं, मुख्यतः त्यांच्या टोकाला चिकटतात. तिथली चार अक्षरं बदलली तरी विषाणूचं काम अडत नाही, आपल्या प्रतिपिंडांची पकड मात्र सुटते. गोवराला ही चैन परवडत नाही. पेशीला धरायचा त्याचा जो भाग, तिथेच आपली प्रतिपिंडं बसतात. तो बदलला तर त्याला आतच शिरता येणार नाही. म्हणून तुमची साठ वर्षांपूर्वीची गोवराची आठवण अजून कामाची आहे, फ्लूची मात्र काही वर्षांत शिळी होते.

शिळी म्हणजे टाकाऊ नव्हे हं. २००९ साली माझा दवाखाना पुण्यात पेठेत होता. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यातच झाला आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या जिन्यावर नाकाला रुमाल बांधलेल्यांची रांग लागली. बघतो तर बहुतेक शाळा-कॉलेजातली मुलं, तरुण नोकरदार. म्हातारी माणसं अगदी तुरळक. माझी आई तेव्हा ७९ वर्षांची. मी रोज रात्री खोकल्याच्या गर्दीतून घरी यायचो, तिला साधी शिंक आली नाही. १९१८ च्या साथीतल्या एच१एन१ या फ्लूच्या विषाणूचे वंशज १९५७ पर्यंत जगभर फिरत होते. ज्यांचं बालपण त्या काळातलं, त्यांच्यापैकी अनेकांच्या शरीरात या नव्या एच१एन१ ला, म्हणजे स्वाइन फ्लूच्या विषाणूला, थोडीफार लागू पडणारी प्रतिपिंडं होती. आई मात्र शेवटपर्यंत श्रेय आल्याच्या चहाला देत राहिली.

आता लस. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते विषाणू घालायचे ते ठरवते. मधल्या महिन्यांत विषाणू आणखी सरकतो, त्यामुळे नेम कधी अचूक बसतो, कधी जरा हुकतो. (गंमत बघा, फ्लू बी विषाणूचं यामागाता हे घराणं मार्च २०२० नंतर जगात कुठेच खात्रीने सापडलेलं नाही. म्हणून चार विषाणूंची लस पुन्हा तीनवर आली.) तुमची अडचण साधी आहे. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, हिवाळ्यात छोटा. दिवाळीत घेतलेल्या लशीचा जोर ऑगस्टपर्यंत बराच ओसरलेला असतो. पुढच्या वर्षी मे महिन्यात घ्या. आणि वहिनींना सांगा, लस घेऊनही ताप येऊ शकतो, पण न्यूमोनिया होऊन दवाखान्यात भरती व्हायची शक्यता तिने कमी होते. साठीनंतर तेच महत्त्वाचं.

नातीने तुम्हाला कधी दिला, असं विचाराल तर बहुधा तिचं अंग तापायच्या आदल्या दिवशीच. विषाणूचं एनएस१ नावाचं एक प्रथिन पेशीची धोक्याची घंटा, म्हणजे इंटरफेरॉन, सुरुवातीला दाबून धरतं. घंटा वाजते तोवर नकला निघून झालेल्या असतात. ताप, अंगदुखी हा बराचसा त्या घंटेचाच गोंगाट. त्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, तेव्हा मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या डब्यातून काढू नका. फ्लूवरचं औषध वेगळं आहे, ओसेल्टामिव्हिर. ते ४८ तासांच्या आत सुरू केलं तर चांगलं, आणि तुमच्या वयात डॉक्टरांकडे जायला तेवढाही वेळ लावू नका. धाप लागली, गुंगी आली किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला तर थेट दवाखाना गाठा.

नातीला तापाचं औषध न देता पूर्ण २४ तास ताप आला नाही, की शाळेत पाठवा. ती रिक्षाने जात असेल तर एक काम करा. पावसात रिक्षाला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचे पडदे सोडतात आणि आत आठ मुलं एकमेकांचा श्वास घेत बसतात. रिक्षावाल्या काकांना एका बाजूचा पडदा वीतभर वर बांधायला सांगा. दप्तर भिजेल थोडं, भिजू दे.