शाळेत तांदूळ शिल्लक असतो, मग मे महिन्यात मुलांना पोषण आहार का देत नाहीत?

तुमचा प्रश्न असा: वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेत एप्रिलअखेर सव्वा पोतं तांदूळ शिल्लक होता, शाळेला कुलूप लागलं, तांदूळ आत आणि पोरं घरी. तो वाटत का नाहीत, आणि मुळात उरतोच कसा? दुसऱ्या प्रश्नात मास्तरांवरचा संशय आहे. तो मी इतक्यांदा ऐकलाय की लिहिल्याशिवाय राहवत नाही. मुख्याध्यापक म्हणून या आहाराचे हिशेब माझ्या हातून गेलेत.

पहिल्याचं उत्तर लहान आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३, कलम ५ : मुलांना शाळेत एक वेळचं गरम शिजवलेलं जेवण मोफत, शाळेच्या सुट्टीचे दिवस वगळून. मे महिना सुट्टीचा, म्हणजे हक्क नाही. अपवाद फक्त दुष्काळाचा. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही जेवण द्यायला सांगितलं, २०१६ मध्ये पुन्हा बजावलं. कोकणात पाऊस एवढा पडतो की दुष्काळ जाहीर होण्याची वेळच येत नाही. खेड, पोलादपूरच्या वरच्या वाड्यांना मे महिन्यात टँकर लागतो, पण ती पाणीटंचाई धरली जाते आणि टंचाईला सुट्टीतलं जेवण जोडलेलं नाही. हे मला साफ चुकीचं वाटतं. घरात पाणी नाही म्हणून आई दोन डोंगर उतरून हंडा आणते, त्या घरातल्या पोराला दुपारी काय मिळत असेल?

शिल्लक तांदूळ मुख्याध्यापकाने आपल्या मनाने वाटला तर तो अपहार ठरतो. ती शिल्लक पुढच्या मागणीतून वजा होते, म्हणजे जूनला तेवढा तांदूळ कमी येतो. लोकांच्या डोक्यात २०२० बसलंय. तेव्हा मार्चमध्ये शाळा बंद पडल्यावर शाळेत पडलेला तांदूळ आणि कडधान्य पालकांना वाटायचा शासनाचा स्वतंत्र आदेश होता. पुढे २०२१ च्या उन्हाळी सुट्टीचे म्हणून पाचवीपर्यंत १५६ आणि आठवीपर्यंत २३४ रुपये खात्यावर द्यायचे ठरले, पस्तीस दिवसांचे. खातं उघडायला त्याहून जास्त पैसे लागत होते, ती गोष्ट वेगळी. आदेश आला तर वाटप, नाही तर कुलूप, एवढंच मुख्याध्यापकाच्या हातात असतं.

आता तांदूळ उरतो कसा ते सविस्तर सांगतो.

पाचवीपर्यंत दर मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवी १५०, ३०, ७५ आणि साडेसात. हे कच्चं वजन. शंभर ग्रॅम तांदळाचा भात होतो अडीचशे ते तीनशे ग्रॅम, वर आमटी किंवा उसळ. पहिली-दुसरीतलं पोर एवढं खात नाही. शिवाय आपल्याकडची मुलं सकाळी पेज पिऊन येतात. अठरा मुलांच्या पटाची, पाचवीपर्यंतची शाळा धरा. नियमाने रोज १ किलो ८०० ग्रॅम शिजायला हवा. प्रत्यक्षात दीड किलो शिजवला की सगळ्यांची पोटं भरून थोडा भात उरतो. रोजचे तीनशे ग्रॅम वाचले. महिन्याचे बावीस दिवस धरले तर साडेसहा किलो, सुट्ट्या वजा जाता जून ते एप्रिल मिळून साठ-पासष्ट किलो. तुमचं सव्वा पोतं हे असं जमतं. त्यात कोणाची चोरी नाही.

अडचण पुढे आहे. पोषण आहाराच्या सरकारी पोर्टलवर मुख्याध्यापक रोज भरतो तो फक्त ताटांचा, म्हणजे जेवलेल्या मुलांचा आकडा. पोर्टल त्याला शंभर ग्रॅमने गुणून साठ्यातून वजा करतं. म्हणजे ऑनलाइन साठा संपत येतो आणि कोपऱ्यात पोती उभी असतात. आमच्या भागातल्या एका शाळेत तपासणीला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांनी पोती मोजली, साठा पोर्टलपेक्षा जास्त निघाला आणि शेरा मारला : मुलांना कमी जेवण दिलं, नाहीतर हजेरी खोटी. कमी निघाला असता तर वसुली लागली असती. माझा त्यांच्याशी वाद झाला तो इथेच. त्यांचं म्हणणं, साठा नोंदवहीत पोर्टलचाच आकडा उतरवा, फरक दिसताच कामा नये. मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो, नोंदवहीत काट्यावरचं वजन लिहायचं. जो मुख्याध्यापक कागद जुळवायला नोंद वाकवतो, त्याला ती वरची पोती पुढे दाखवता येत नाहीत. मग ती कुठेतरी जातात. चोरीची वाट आकडे जुळवण्याच्या हट्टातून निघते.

फरक सिद्ध करायचा असेल तर दोन आठवडे एवढं करा. सकाळी स्वयंपाकीताई तांदूळ घेतील तेव्हा तो वजन करून घ्या, मापट्याने नको. जेवणं झाल्यावर पातेल्यातला आणि ताटांत टाकलेला भात वेगवेगळा तोला. दोन्ही आकडे हजेरीसकट चव नोंदवहीत लिहा आणि त्या दिवशी चव घ्यायला आलेल्या पालकाची किंवा शाळा व्यवस्थापन समिती सदस्याची सही घ्या. महिनाअखेरच्या अहवालात प्रत्यक्ष शिल्लक लिहा, त्याची पोच ठेवा, पुढची मागणी त्याच शिल्लकीवर करा. मात्र शंभर ग्रॅम हा मुलाचा हक्क आहे. चौथी-पाचवीतला एखादा दीडशेचा भात खातो, त्याला दुसऱ्यांदा वाढायला नाही म्हणायचं नाही. पोटं भरल्यावर जे उरतं तेच शिल्लक.

पोतं उतरवून घेतानाही फरक पडतो. पोतं पन्नास किलोचं म्हणतात, पण रिकाम्या बारदानाचं वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास असतं आणि हुकाने सांडतं ते वेगळं. ठेकेदाराने शाळेच्या दारात माल आणून, काट्यावर तोलून द्यायचा असतो. आपल्याकडे गाडी डांबरी सडकेला थांबते, शाळा पाखाडीने (दगडी पायऱ्यांच्या वाटेने) खाली किंवा साकवापलीकडे (ओढ्यावरच्या लहान पुलापलीकडे), आणि पोती कुणाच्या तरी पडवीत टाकून पावतीवर सही मागतात. अशी सही करू नये. काटा आला नसेल तर पावतीवर "वजन न करता" असं लिहूनच सही करावी. जेवढं भरलं तेवढंच आवक.

मे महिन्यात बंद खोलीत राहिलेला तांदूळ हा आगोटीचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडचा प्रश्न आहे. मिरगाच्या पहिल्या पावसात जमीन ओल धरते आणि शाळा उघडेपर्यंत खालचं पोतं बुरशी धरतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तांदूळ चाळून घ्या, पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवा, कडुनिंबाचा सुका पाला घाला. टोके (तांदळातले किडे) झाले म्हणून गोळ्या किंवा पावडर टाकू नका. आणि आंब्याच्या फवारणीचं औषध, पंप, रिकामे डबे त्या खोलीत कदापि नकोत. आपल्याकडे सुट्टीत शाळेची खोली असल्या कामाला सर्रास वापरतात. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेचं जेवण जेवून २३ मुलं मेली. त्या जेवणात कीटकनाशक गेलं होतं. तांदूळ धुताना काही दाणे तरंगतात आणि लोक प्लॅस्टिकचा तांदूळ म्हणून बोंब मारतात. ते पोषणमूल्य मिसळलेले दाणे असतात, शंभराला एक या प्रमाणात. त्यांत लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ असतं. ते वेचून टाकले तर पोषणच टाकलं.

तांदूळ उरतो आणि पैसे पुरत नाहीत, याचं मूळ एकच : सगळी योजना डोकी मोजून चालते. तांदूळ पूर्ण केंद्राचा. बाकी साहित्याचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० वाटून घेतात. १ मे २०२५ पासून तो पाचवीपर्यंत दर मुलाला दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि आठवीपर्यंत १० रुपये १७ पैसे आहे. ग्रामीण शाळेत डाळ, तेल, मसाला, मीठ ठेकेदाराकडून येतं. मुख्याध्यापकाच्या हाती इंधन आणि भाजीपाल्याचे साधारण अडीच रुपये पडतात. अठरा मुलांचे रोजचे पंचेचाळीस, महिन्याचे ९९०. भाताचं आणि आमटीचं अशी रोज दोन पातेली म्हटल्यावर सिलिंडर महिनाभर जेमतेम पुरतो, तो २०२५ च्या दराने साडेआठशेच्या घरात. उरले एकशेचाळीस. भाजी लागते महिन्याला वीस किलो. सात रुपये किलोने भाजी कुठल्या बाजारात मिळते ते वर बसलेल्यांनी सांगावं. तीनशे पटाच्या शाळेला हाच दर परवडतो, कारण मोठ्या पातेल्याला माणशी गॅस कमी लागतो. दहा-पंधरा पटाच्या शाळा कोकणात जागोजाग आहेत. त्यांना दर मुलामागे नव्हे, दर शाळेमागे इंधनाची किमान रक्कम ठरवून द्यायला हवी. स्वयंपाकीताईंचंही तसंच. पंचवीस पटापर्यंत एक, सव्वीस ते शंभरला दोन. एक मूल मुंबईला गेलं की पंचविसावर येऊन एका बाईचं काम जातं. मानधनाचा केंद्राचा हिशेब महिना हजार रुपये, वर्षाचे दहाच महिने. राज्य त्यात भर घालतं, तरी ते मानधन रोजंदारीच्या जवळही जात नाही.

परसबागेने थोडं सावरतं. पावसात पडवळ, दोडका, भोपळा, अळू, दिवाळीनंतर लाल माठ आणि शेवग्याचा पाला. वानर आले की भोपळा आणि काकडी पहिली जाते, म्हणून अळू आणि शेवग्यावर भर द्यावा. टाकळा, कुर्डू चालतात, पण ताईंना नीट ओळखता येणारीच रानभाजी घ्या. अळंबी अजिबात नको.

रोजच्या नोंदीत एक गोष्ट कोकणातच जास्त नडते. रात्री उशिरा अतिवृष्टीची सुट्टी जाहीर होते, कडधान्य भिजत घातलेलं असतं. त्या दिवशी पोर्टलवर "शाळा बंद" आणि कारण भरलंच पाहिजे. रेंज नाही म्हणून राहिलं तर तो दिवस जेवण न दिल्याचा दिसतो. मागच्या तारखेची नोंद मग तालुक्याच्या लॉगिनवरून करून घ्यावी लागते, महिना उलटायच्या आत. हे महत्त्वाचं, कारण २०१५ च्या मध्यान्ह भोजन (म्हणजे याच पोषण आहाराच्या) नियमांत शाळेच्या दिवशी धान्य, पैसे, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्याने जेवण झालं नाही तर मुलाला तेवढं धान्य आणि खर्चाची रक्कम भत्ता म्हणून द्यायची आहे. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस खंड पडला तर जबाबदारी निश्चित होते. पालकांनी मागायचं ते हे. मेचा तांदूळ मागून मिळणार नाही, बुडालेल्या दिवसांचा भत्ता मागून मिळतो. त्याच नियमांत पैसे संपले तर शाळेच्या दुसऱ्या निधीतून तात्पुरता खर्च करून नंतर भरपाई घ्यायची मुभा आहे. बरेच मुख्याध्यापक ती वापरायला घाबरतात.

गावाला मेमध्ये काही करायचं असेल तर गावाच्या धान्यावर करा. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, स्वयंपाकघर वापरा, शाळेच्या पोत्याला हात लावू नका, ताईंना वेगळी मजुरी द्या. चाकरमानी गावात असतात मेमध्ये आणि गणपतीत, नेमकी तेव्हा शाळा बंद. म्हणून त्यांच्याकडून तिथी भोजनाची (वाढदिवस वगैरे निमित्ताने शाळेला दिलेल्या जेवणाची) एक पंगत मागण्यापेक्षा वर्षभराची अंडी मागा. राज्याने आठवड्याला एक अंडं सुरू केलं होतं, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून करा म्हणून सांगितलं. अठरा मुलांना वर्षाची साधारण सातशे अंडी होतात, पाच हजार रुपयांत बसतात. रोख मास्तरांच्या हातात देऊ नका. दुकानदाराला चाकरमान्यांच्या मंडळाने थेट द्यावी आणि दर आठवड्याच्या मालाची नोंद शाळेत व्हावी. न खाणाऱ्यांना केळं.

मुलांच्या आहारात पैसे खाणारी शाळा असतेच, हेही लिहितो. ओळखायची असेल तर शिल्लक बघू नका. वर्गाच्या हजेरीपटावरची त्या दिवसाची उपस्थिती आणि पोर्टलवरची ताटं, हे दोन आकडे चार-पाच दिवसांचे शेजारी ठेवा. ताटं जास्त दिसली तर समितीच्या सभेत विचारा, इतिवृत्तात लिहायला लावा. शिल्लक जास्त आणि ताटं हजेरीएवढी असतील, तर मास्तरांना चोर म्हणू नका.

हे सगळं गावातल्या, शाळेतच शिजवणाऱ्या शाळांचं. शहरात केंद्रीय स्वयंपाकघरातून डबे येतात, तिथे तांदूळ शाळेत उतरतच नाही. नववीच्या मुलाला ही योजना लागू नाही. घरात सहा वर्षांखालचं मूल असेल तर त्याचा हक्क अंगणवाडीत आहे. अंगणवाडीचा पूरक आहार वर्षाला तीनशे दिवसांचा धरलेला आहे, शाळेच्या सुट्टीशी त्याचा संबंध नाही. मेमध्ये त्याचा आहार चुकला तर सेविकेकडे नोंद बघा आणि पर्यवेक्षिकेकडे लेखी द्या.